कायदा उदार झाला, तरी बाया मेडिकलच्या काउंटरवर का जातात?

सिंधुदुर्गातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा प्रश्न आहे: "२०२१ च्या दुरुस्तीनंतर आपला गर्भपाताचा कायदा बराच उदार झाला. तरी माझ्या भागात लोक त्याला गुन्हाच समजतात. बायका आमच्याकडे येतच नाहीत. गोळ्या घेऊन रक्तस्राव सुरू झाला की मग येतात. कायद्याचा लोकमतावर आणि दवाखान्यावरच्या विश्वासावर खरंच काही परिणाम होतो का?"

होतो, पण सरळ होत नाही. कायदा आधी डॉक्टरला बदलतो. निर्धास्त डॉक्टर बाईशी नीट बोलतो. धास्तावलेला डॉक्टर तिला चार कागद आणायला पाठवतो, नाहीतर "आमच्याकडे होत नाही, पुढे जा" म्हणतो. बाईची कायद्याशी ओळख होते ती या वागण्यातून. घरी गेल्यावर ती जावेला, शेजारणीला तेच सांगते, आणि लोकमत म्हणतात ते आपल्याकडे असं वाडीवाडीतून तयार होतं. मी याच जिल्ह्यात आधी सरकारी नोकरीत आणि नंतर स्वतःच्या रुग्णालयात स्त्रीरोगाचं काम करत आले. त्यामुळे पुढे जे लिहितेय त्यात माझी मतं भरपूर आहेत, आणि ती सगळी पटलीच पाहिजेत असं नाही.

मुळात हा कायदा लोकांनी मागून घेतलेला नाही. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेत गर्भपात गुन्हा होता. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्यात गुन्हेगार. १९६४ मध्ये केंद्राने महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६६ मध्ये अहवाल आला, १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. चोरून केलेल्या गर्भपातात बायका मरत होत्या आणि लोकसंख्या वाढत होती, ही त्यामागची कारणं. बाईचा हक्क हा विषयच नव्हता. जुना गुन्हा पुस्तकातून काढला नाही, त्याला फक्त अपवाद जोडला. १ जुलै २०२४ ला दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली, आणि कलम ३१२ चं कलम ८८ झालं. म्हणजे आजही मूळ नियम गुन्ह्याचाच आहे आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या मतामुळे आणि सहीमुळे तो गुन्हा राहत नाही. वाडीतली एखादी म्हातारी "पाप तां, आनि सरकार पकडता" म्हणाली तर तिला अडाणी ठरवू नका. कायद्याचा सांगाडा तिला बराचसा बरोबर कळलाय. तिला ठाऊक नाही तो अपवाद.

त्यात या सेवेला सुरुवातीपासून कुटुंबनियोजनाचा शिक्का बसला. "पिशवी साफ करून देतो, पण ऑपरेशन करून घे, नाहीतर तांबी तरी बसव" अशी अट घालायची सवय सरकारी यंत्रणेला तेव्हापासूनची. कायद्यात अशी अट कुठेही नाही. पण ज्या बाईला टेबलावर झोपल्यावर ती ऐकावी लागली, तिने लेकीसुनांना एकच सांगितलं: सरकारी दवाखान्यात गेलीस तर काहीतरी बसवूनच पाठवतील. (संततिनियमनाबद्दल उघड बोलणारा पहिल्या फळीतला माणूस कोकणातलाच. मुरुडच्या कर्व्यांच्या घरातल्या र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, एका खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आपण वडिलांचं नाव अभिमानाने घेतो आणि मुलाचं नाव घेताना आवाज खाली आणतो.)

आता आपल्या भागाचं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. पुरुष मुंबईला आहेत, एवढाच याचा अर्थ. नवरा गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात येतो आणि दिवस जातात तेही त्याच हिशोबाने. बाई आठवडे मोजते नवरा आला त्या दिवसापासून. आपण मोजतो शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचं अंतर पडतं. तिचे सात ते आपले नऊ.

हे तुम्ही पुस्तकात वाचलंय, पण वाडीत त्याचं काय होतं ते बघा. चतुर्थीला आलेला नवरा विसर्जन करून परत गेलेला. पाळी चुकली म्हणून बाईला घेऊन सासू आलेली. सोनोग्राफीच्या कागदावर 'नऊ आठवडे दोन दिवस' असं छापलेलं. सासूला वाचता येत नसलं तर मेडिकलवाला वाचून दाखवतो. ती बोटं घालून मोजते, आणि तिचं तोंड उतरतं. मुलगा येऊन तर सातच आठवडे झाले, मग वरचे दोन कुणाचे? त्या घडीला डॉक्टर गप्प राहिला तर त्या सुनेच्या संसाराचं काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून मी कागद हातात देण्याआधी, बाईला विचारून, सासूला समोर बसवते. "मावशी, आम्ही पाळीपासून मोजतो. पाळीच्या वेळी पोटात काहीच नसतं. तुमच्या हिशोबात दोन आठवडे मिळवा म्हणजे आमचा येतो." मिनिटभराचं काम. ते न करता अहवाल नुसता हातात टेकवणारे लोक मी पाहिलेत, आणि पुढे त्या घरातून पेशंट त्या दवाखान्याची पायरी चढलेला नाही.

याच दोन आठवड्यांवर दुसरा घोळ होतो. गोळ्यांनी गर्भपाताची आपल्याकडची मुदत नऊ आठवडे, म्हणजे ६३ दिवस, तीही पाळीपासून. बाई सात आठवडे म्हणून निवांत येते आणि तुम्ही सांगता की मुदत संपली, आता टेबलावर घ्यावं लागेल. तिला वाटतं, पैशासाठी डॉक्टरने वाढवून सांगितलं. कायद्यातला एक आकडा आणि न समजावलेला एक हिशोब, एवढ्यावर विश्वास जातो.

आता सहीचं. "बाय, घोवाची सही व्हयी काय?" हा प्रश्न मला ओपीडीत जितका विचारला गेलाय तितका दुसरा कुठलाही नाही. कायद्याचं उत्तर: नको. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते, ती फॉर्म 'सी'वर घ्यायची. अठराच्या खालची मुलगी किंवा मानसिक आजार असलेली बाई असेल तरच पालकाची सही. नवरा, सासरा, भाऊ, कोणाची सही लागत नाही. तरीही कितीतरी ठिकाणी, सरकारीत आणि खाजगीत, नवऱ्याची सही मागतातच. मागणाऱ्याचं कारण मला समजतं: उद्या नवरा चार माणसं घेऊन दारात उभा राहिला तर कागद दाखवायला असावा. पण त्या सहीचं पुढे काय होतं ते बघा. मुंबईला फोन जातो. नवरा ड्युटीवर. रात्री तो भावाला विचारतो, भाऊ आईला विचारतो. मग "दिवाळीला आल्यावर बघू". सात-आठ आठवड्यांत गोळ्यांनी सुटणारी गोष्ट तेराव्या आठवड्यात जाते, आणि बारा आठवड्यांच्या पुढे पीएचसीतला प्रशिक्षित डॉक्टरही हात लावू शकत नाही. मग रत्नागिरी, कोल्हापूर नाहीतर गोवा. या सगळ्यातून ती बाई एकच शिकते: नवऱ्याने हो म्हटल्याशिवाय सरकार माझ्यावर उपचार करत नाही. कायदा नेमकं उलट म्हणतो, पण तिला शिकवणारा कायदा नव्हता, आपण होतो.

लग्न न झालेल्या मुलींचंही तसंच. १९७१ च्या कायद्यात गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' यांच्यापुरतं होतं. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे 'कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार' आलं. ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की २० ते २४ आठवड्यांच्या सवलतीत अविवाहित मुलींनाही घ्यावं लागेल, आणि या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच धरायचा. एवढं होऊनही कॉलेजातल्या मुली माझ्याकडे गळ्यात काळे मणी घालूनच येतात. मणी नवेकोरे असतात, दोरा अजून ताठ असतो, आणि आडनाव सांगताना क्षणभर अडखळायला होतं. मी विचारत नाही. केसपेपरवरच्या 'विवाहित / अविवाहित' या रकान्याशी माझ्या उपचाराचा संबंध नाही. तो रकाना मोठ्याने वाचून विचारणाऱ्या सिस्टरला मात्र बाजूला घेऊन समजावते, कारण बाकावर बसलेल्या दहा बायका त्या उत्तरासाठी कान टवकारून असतात.

छोट्या गावात सगळं अडतं ते इथेच. तुमचा क्लार्क कोणाचा तरी मेहुणा, वॉर्डातली मावशी कोणाची तरी चुलती. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची बाई साध्या कामासाठी गोव्यात म्हापशाला जाते ती काही तिथला डॉक्टर जास्त हुशार म्हणून जात नाही. तिथे तिला कोणी ओळखत नाही. कायदा केंद्राचा, दोन्हीकडे एकच. एसटीचं तिकीट ती गुप्ततेसाठी काढते. आणि गंमत अशी की गुप्ततेची तरतूद आपल्या नियमांत १९७१ च्या कायद्यापासून उत्तम आहे. संमतीपत्र आणि डॉक्टरचं मत लिफाफ्यात घालून बंद करायचं, वर 'गोपनीय' लिहायचं. लिफाफ्यावर बाईचं नाव घालायचं नाही, प्रवेश नोंदवहीतला अनुक्रमांक आणि डॉक्टरचं नाव तेवढं घालायचं. इतर कागदांवरही नावाऐवजी तोच अनुक्रमांक. नोंदवही पाच वर्षं कुलपात. २०२१ पासून तर नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. आता तुमच्या केंद्रात जाऊन ती नोंदवही कुठे आहे ते बघा. लेबर रूमच्या टेबलावर, प्रसूतीच्या रजिस्टरखाली उघडी पडलेली असेल तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. मी हा लिफाफा बाईच्या समोर बंद करते आणि तिला दाखवते. त्यानंतर तिने सांगितलेली पाळीची तारीख बहुतेक वेळा खरी असते.

डॉक्टरच्या भीतीचं मूळ दुसऱ्या एका कायद्यात आहे. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तो हवाच होता, आणि आजही हवा. २०११ मध्ये राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या होत्या. हे आपोआप घडत नाही. पण त्या कायद्यात सोनोग्राफीच्या फॉर्म 'एफ'मधली त्रुटीही गुन्ह्यात धरतात, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली. मशीनला सील लागण्याची धास्ती घेऊन जगणारा डॉक्टर बारा आठवड्यांपुढची प्रत्येक बाई संशयाने बघतो, कारण त्याच सुमारानंतर लिंग दिसू लागतं. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेव्हा राज्यभर तपासण्या वाढल्या. त्यानंतर "बारा आठवड्यांपुढचं आम्ही करत नाही" हे कोकणातही कितीतरी ठिकाणी सरसकट ऐकू येऊ लागलं. कायद्याची मुदत वीस आठवड्यांची, काही कारणांसाठी चोवीसची. डॉक्टरने स्वतःच्या भीतीने ती बारावर आणून ठेवली. आणि भिंतींवर 'मुलगी वाचवा'च्या जोडीने गर्भपातालाच महापाप ठरवणाऱ्या पाट्या रंगल्या. त्या वाचून तीन मुलांच्या आईलाही वाटलं की आपण करतोय तेही याच गुन्ह्यात बसतं. लिंग बघून गर्भ पाडणं आणि नको असलेला गर्भ पाडणं या दोन गोष्टी लोकांच्या डोक्यात एक करून टाकण्यात सरकारी प्रचाराचा हात मोठा आहे. हे मी कार्यशाळांत बोलले की अधिकारी मंडळी पाणी प्यायला उठतात.

मग बाई मेडिकलमध्ये जाते. आपल्या देशात २०१५ मध्ये किती गर्भपात झाले याचा अंदाज देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने आणि अमेरिकेतल्या गुटमाकर संस्थेने मिळून काढला होता: सुमारे १ कोटी ५६ लाख. त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झाले. म्हणजे तुमची वाडी अपवाद नाही, देशाचा रिवाजच हा आहे. कायद्याने गोळ्यांची किट डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायला हवी. प्रत्यक्षात ओळखीच्या काउंटरवर ती कागदात गुंडाळून मिळते, बिल मिळत नाही आणि कशी घ्यायची ते धड कोणी सांगत नाही.

इथे एक सांगते. तुम्ही या गोळ्यांना नावं ठेवू नका. नऊ आठवड्यांच्या आत, नीट घेतल्या तर त्या सुरक्षित आहेत, आणि ज्यांचं सुरळीत झालं त्या बाया तुम्हाला कधी दिसणारच नाहीत. तुमच्याकडे येतात त्यांतल्या काही नुसत्या घाबरलेल्या, कारण एवढं अंगावर जाणार हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. थोड्या खरोखर अडचणीतल्या. तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि सलग दोन तास तेच चाललंय, ताप आहे, किंवा एका बाजूला कळ येऊन चक्कर येतेय: या बाईला थांबवू नका. शेवटची तर सर्वांत धोक्याची. गर्भ नळीत असेल तर किट त्यावर चालत नाही; बाईला वाटतं गोळ्यांचंच दुखतंय, आणि नळी फुटते.

ती बाई येते तेव्हा म्हणते, "पाळी जास्तच गेली." गोळ्यांचं नाव घेत नाही. मालवणकडच्या एका कोळी वाडीतली बाई पाच दिवस घरी काढून आली, हिमोग्लोबिन पाचच्या आसपास, ओठ पांढरे. तिच्यासोबतची बहीण प्रत्येक प्रश्नाला तिच्याआधी उत्तर देत होती. मी बहिणीला औषधं आणायला पाठवलं आणि विचारलं, "किती गोळ्या घेतल्यास, आणि कुठे ठेवलेल्यास?" 'घेतल्यास का' असं विचारलं नाही. तिने उलट विचारलं, "पोलीस येतले काय?" बहिणीने तिला रस्ताभर हेच पढवून आणलं होतं. सज्ञान बाईने गोळ्या घेतल्या आणि रक्तस्राव झाला, तर उपचाराआधी पोलिसांची वाट बघा असं कुठलाही कायदा म्हणत नाही. पण काही ठिकाणी संशय आला की आधी एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायचा कागद पुढे करतात, आणि अशी एक गोष्ट दहा वाड्यांत पसरते. पाच दिवस घरी रक्त गेलं ते त्या गोष्टीपायी.

अल्पवयीन मुलीच्या बाबतीत मात्र पोलीस खरेच येतात, आणि मला सर्वांत अवघड वाटतं ते हेच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या खालच्या मुलीचं प्रकरण पोलिसांना कळवणं बंधनकारक. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. सतरा वर्षांची मुलगी, वर्गातला मुलगा, कोणाची जबरदस्ती नाही, तरी कायद्याच्या लेखी तो बलात्कारच. आई 'पोलीस' हा शब्द ऐकते, पदर तोंडाला लावते आणि मुलीला घेऊन निघून जाते. दुसऱ्या गावात मुलीचं वय एकोणीस सांगतात. २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयाने वाट काढून दिली आहे: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिची ओळख उघड करायची गरज नाही. पोलीस ठाण्यात हे ठाऊक असेलच असं धरून चालू नका. निकालाची प्रत जवळ ठेवा. आणि आईला हे सुरुवातीलाच सांगा, तपासून झाल्यावर नाही. जिथे खरोखर अत्याचार झालाय तिथे डीएनए तपासणीसाठी नमुना जपून ठेवायचा असतो. तो निसटला तर त्या मुलीचा खटलाच लंगडा होतो.

मुदतीनंतरच्या प्रकरणांवर थोडक्यात. २००८ मध्ये मुंबईच्या निकेता मेहता यांच्या गर्भाच्या हृदयात दोष निघाला, तोवर वीस आठवडे उलटून गेले होते. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, पुढे त्यांचा गर्भपात आपोआप झाला. माझ्या मते शहरी मध्यमवर्गाचं मत हललं ते तेव्हा. तोवर 'गर्भपात' म्हणजे कोणाची तरी भानगड असायची, आता तो हव्या असलेल्या मुलाबद्दलही असू शकतो हे दिसलं. कायदा बदलायला तरी आणखी तेरा वर्षं गेली. आता गर्भात गंभीर दोष असेल तर चोवीस आठवड्यांपुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं, आणि त्याने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. कागदावर चांगलं आहे. पण वैभववाडी-दोडामार्गकडच्या बाईची अठरा-वीस आठवड्यांची सोनोग्राफीच तेविसाव्यात होते, पावसात घाट बंद, आणि मंडळ मोठ्या शहरात. तिला हा अधिकार आहे म्हणताना मला संकोच वाटतो.

परदेशाचं विचाराल तर एकच उदाहरण मन लावून वाचा, आणि ते आपल्या शेजारचंच आहे. आंबोलीचा घाट चढून गेलं की बेळगाव. तिथली दंतवैद्य सविता हलप्पनवार आयर्लंडात गॉलवेला होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडायला लागला. वाचणार नाही हे स्पष्ट होतं. तिने गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू होते म्हणून नकार मिळाला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. चौकशीत दोन्ही गोष्टी पुढे आल्या: संसर्ग वेळेत ओळखला नाही, आणि कायदा काय करू देतो याबद्दल डॉक्टर साशंक होते. त्या देशाने १९८३ मध्ये ६६.९ टक्के मतांनी गर्भाच्या जिवाला राज्यघटनेत संरक्षण दिलं होतं. २५ मे २०१८ ला ६६.४ टक्के मतांनी तेच संरक्षण काढून टाकलं. पस्तीस वर्षं कडक कायदा होता, पण त्याने लोकांची मतं कडक झाली नाहीत. जाहीर बोलायची बंदी तेवढी झाली, आणि बाया गुपचूप इंग्लंडला जाऊन येत राहिल्या, आपल्या बाया म्हापशाला जातात तशा. सविताच्या मृत्यूनंतर त्यांच्यातल्या कितीतरी बोलू लागल्या.

अमेरिकेत उलट झालं. गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा 'रो'चा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ ला फिरवला. तरी निकालाआधी आणि नंतरही साधारण दहातले सहा अमेरिकन गर्भपात सर्व किंवा बहुतेक परिस्थितीत कायदेशीर असावा असंच म्हणत आले आहेत. मत तिथेच राहिलं, डॉक्टर मात्र रातोरात बदलले. टेक्सासमध्ये डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, म्हणून अपूर्ण गर्भपाताच्या बाईलाही 'अजून पुरेशी आजारी नाही' म्हणून थांबवल्याचे प्रकार घडले. जे डॉक्टर वकिलाला फोन लावून मग बाईला हात लावतात, त्यांच्याकडे ती पुढच्या बाळंतपणाला कशाला येईल? तुम्ही विश्वासाबद्दल विचारलंत म्हणून हे सांगितलं. गर्भपातावरून गेलेला विश्वास लसीकरणाच्या दिवशीही परत येत नाही, हे आशाताईंना विचारलंत तर त्या नावं घेऊन सांगतील.

आता तुमच्या केंद्राचं. पहिलं काम, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे प्रशिक्षणासाठी अर्ज द्या. एमबीबीएस डॉक्टरला मान्यताप्राप्त केंद्रात २५ केसेसचं प्रशिक्षण घेतल्यावर बारा आठवड्यांपर्यंतची सेवा देता येते. सरकारी केंद्राला जागेची वेगळी मान्यता लागत नाही. पिशवी खरवडायचा क्युरेटिंगचा चमचा कपाटातच राहू द्या. हाताने ओढून पिशवी रिकामी करायची एमव्हीएची सिरिंज मागवा, ती सुरक्षित आहे आणि भूलतज्ज्ञासाठी अडून राहावं लागत नाही. तांबी जरूर सुचवा, पण काम झाल्यानंतर, आणि नको म्हटलं तर विषय तिथेच सोडा. हा मुद्दा आशांच्या बैठकीत मोठ्याने बोला, कारण जुनी अट त्यांच्याच तोंडून गावात पोचलेली असते. बैठकीत कायदा वाचून दाखवत बसू नका. नवऱ्याची सही लागत नाही, नाव फुटत नाही, पोलीस येत नाहीत, आणि अठराच्या खालची असेल तर नियम वेगळा आहे पण नाव झाकता येतं, एवढं सांगा. चौथी गोष्ट गाळून पहिल्या तीन सांगितल्यात तर एका प्रकरणात तुम्ही खोटे ठराल.

आणि जी बाई तुमच्या आवाक्याबाहेरची आहे तिला पुढे पाठवताना चिठ्ठीवर ठळक अक्षरांत 'एमटीपीसाठी', म्हणजे गर्भपातासाठी, असं लिहून हातात देऊ नका. ती चिठ्ठी १०८ चा ड्रायव्हर, केसपेपरचा क्लार्क आणि लिफ्टमधला मामा असे सगळे वाचतात. सिव्हिलच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी फोन करा. नाव न घेता आठवडे, रक्तगट, हिमोग्लोबिन आणि ती किती वाजता पोचेल तेवढं सांगा. चिठ्ठी बंद लिफाफ्यात द्या आणि त्यावर डॉक्टरांचं नाव घाला. सकाळच्या एसटीने गेलेली बाई रात्री घरी परत आली पाहिजे, कारण मुक्काम पडला की वाडीत विचारणा सुरू होते.